अपयशाचे भांडवल

१० डिसेंबर १९७८ रोजी नॉर्थ हॉलिवुडमध्ये एका अभिनेत्या मित्राच्या घरी एडवर्ड डेव्हिस वुड या चित्रपट-दिग्दर्शकाचे हृदयविकाराने निधन झाले. त्याचे वय त्या वेळी ५४ वर्षांचे होते. भाडे थकल्यामुळे तीनच दिवसांपूर्वी त्याला व त्याच्या पत्नीला राहत्या जागेतून बाहेर काढण्यात आले होते, आणि आयुष्यभराच्या लेखनापैकी बहुतेक कागद मागेच राहिले होते. त्याच्या निधनाची दखल घ्यावी असे चित्रपटसृष्टीत फारसे कोणास वाटले नाही. पुढे दोनच वर्षांनी, १९८० साली, मायकेल व हॅरी मेडव्हेड या बंधूंनी वाईट चित्रपटांना विनोदी पारितोषिके देणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात वुडला आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक आणि त्याच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरविण्यात आले. हयातीत ज्याला दाराशी उभे करून घेण्यास कोणी तयार नव्हते, त्याचे नाव या निवाड्यानंतर जगभर झाले. १९९४ साली तर त्याच्या जीवनावर हॉलिवुडच्या एका बड्या संस्थेने चित्रपट काढला आणि त्यास दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली.

माणसाच्या यशाला बाजारात किंमत असते, हे सर्वांस ठाऊक आहे. अपयशालाही किंमत येऊ शकते. मात्र ती पदरात पडते दुसऱ्याच्याच, हे वुडच्या चरित्रावरून दिसते. त्याचे चित्रपट पाहून हसणे सोपे आहे आणि ते हसू अगदीच गैर आहे असेही नाही. परंतु ते चित्रपट तसे का झाले, त्यांत दोष कोणाचा किती आणि पुढे त्यांच्यातून निर्माण झालेल्या मूल्याचे वाटप कसे झाले, हे प्रश्न हसून झाल्यावरही शिल्लक राहतात.

कॅमेरा आणि युद्ध

वुडचा जन्म १० ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी या हडसन नदीकाठच्या गावी झाला. वडील टपालखात्यात इमारतीच्या देखभालीचे काम करीत. मुलाला शाळेपेक्षा चित्रपटगृहाची ओढ अधिक होती. काउबॉयपट आणि भयपट पाहावेत, त्यांची चित्रे जमवावीत, हा त्याचा छंद. बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याला चित्रपट घेण्याचा एक छोटा कॅमेरा आणून दिला आणि त्या मुलाच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली. गावातील चित्रपटगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याची नोकरीही त्याने काही काळ केली.

लहानपणी आई त्याला कधी कधी मुलीचे कपडे घालीत असे, असे त्याच्या निकटच्यांनी सांगितले आहे. कारण काहीही असो, स्त्रियांचे कपडे, विशेषतः अंगोऱ्याच्या लोकरीचे मऊ स्वेटर अंगावर घालण्याची आवड त्याला जन्मभर राहिली. ही गोष्ट त्याने जवळच्या माणसांपासून लपविली नाही. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९४२ साली, तो अमेरिकन मरीन दलात भरती झाला आणि पॅसिफिक आघाडीवर गेला. आपल्या युद्धातील पराक्रमाच्या अनेक कथा तो नंतर सांगत असे. लष्करी कागदपत्रांच्या अलीकडच्या अभ्यासात त्यांपैकी बऱ्याच कथांना आधार सापडलेला नाही. घडलेल्या गोष्टीला तिच्याहून मोठी करून सांगण्याची ही सवय पुढे त्याच्या व्यवसायातही दिसते. १९४६ साली सेवामुक्त होऊन १९४७ साली तो हॉलिवुडला पोहोचला. १९४८ साली त्याने एक लहानसा काउबॉयपट हाती घेतला. त्याला आवाज जोडण्यापुरतेही पैसे उरले नाहीत आणि तो अर्धवटच पडून राहिला. पुढील तीस वर्षांत हेच पुनःपुन्हा घडणार होते.

दुय्यम चित्रपटांचा बाजार

वुड ज्या काळात हॉलिवुडमध्ये आला तो काळ समजून घेतल्याशिवाय त्याची कामगिरी समजत नाही. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला. मोठ्या चित्रसंस्थांच्या मालकीची स्वतःची चित्रपटगृहे होती आणि इतर चित्रपटगृहांना त्या एका चांगल्या चित्रपटाबरोबर चार सुमार चित्रपट घेणे भाग पाडीत. या दोन्ही प्रथांवर निकालाने घाव घातला. हक्काचे गिऱ्हाईक गेल्यावर दुय्यम प्रतीचे चित्रपट काढत राहण्यात मोठ्या संस्थांना स्वारस्य उरले नाही. त्यातच दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी बसविला. परंतु एका तिकिटात दोन चित्रपट पाहण्याची सवय प्रेक्षकांस लागलेली होती आणि मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची उघड्यावरची चित्रपटगृहे पन्नाशीच्या दशकात भराभर वाढत होती. या मंडळींना दुसरा चित्रपट हवा होता, आणि तो स्वस्त हवा होता. ही पोकळी भरून काढण्यास पुढे आलेल्या किरकोळ निर्मात्यांच्या गर्दीत वुड होता.

या व्यवहाराची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. छोटा निर्माता आपला चित्रपट एकेका राज्याच्या किंवा प्रांताच्या वितरकाला ठोक रकमेला विकीत असे. वितरक पाहत असे तो विषय, शीर्षक आणि भित्तिपत्रक. कित्येकदा चित्रपट तयार होण्यापूर्वीच सौदा होई. चित्रपट चांगला निघाला म्हणून निर्मात्याला जास्त पैसे मिळत नसत आणि वाईट निघाला म्हणून मिळालेले परत द्यावे लागत नसत. प्रेक्षक तिकीट काढून आत आला की व्यवहार संपला. ज्या बाजारात गुणवत्तेसाठी एक पैसाही जादा मिळत नाही, त्या बाजारात गुणवत्तेवर खर्च करणे हा निव्वळ तोटा ठरतो. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. ऐंशी मिनिटांच्या चित्रपटास सव्वासात हजार फुटांच्या आसपास फिल्म लागते. आणि प्रत्येक दृश्य मनासारखे होईपर्यंत दहा-दहा वेळा घेतले, तर हाच आकडा पाऊण लाख फुटांवर जातो. शिवाय कामगारांची मजुरी, दिव्यांचे भाडे आणि प्रयोगशाळेचे बिल त्याच प्रमाणात वाढते. वुड एकदा घेतलेले दृश्य सहसा पुन्हा घेत नसे. यात त्याचा उतावळा स्वभाव होता, तसाच हा हिशेबही होता.

स्वतःची कैफियत

१९५२ सालच्या डिसेंबरात क्रिस्तीन योर्गेनसन या माजी अमेरिकन सैनिकाने डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेने लिंगबदल करून घेतल्याची बातमी जगभर गाजली. जॉर्ज वाइस नावाच्या निर्मात्याला त्या बातमीवर घाईने एक सनसनाटी चित्रपट हवा होता. वुडने ते काम मिळविले आणि वाइसने मागितले होते त्याऐवजी बहुतांशी स्वतःचीच कहाणी पडद्यावर आणली. १९५३ सालच्या ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ या चित्रपटाचा नायक स्त्रीवेशाची आवड असलेला एक साधा तरुण आहे आणि आपल्या वाग्दत्त वधूला हे कसे सांगावे या विवंचनेत तो पडला आहे. वुडने टोपणनाव घेऊन ती भूमिका स्वतः केली आणि वधूची भूमिका त्याच्या त्या वेळच्या प्रेयसीला, डोलोरेस फुलरला दिली.

चित्रपट म्हणून ही कृती विस्कळीत आहे. कथानक मध्येच थांबते, व्याख्यान सुरू होते, विजा चमकतात, संबंध नसलेली जुनी दृश्ये येऊन जातात. परंतु पन्नाशीच्या दशकातील अमेरिका ही पोशाखावरून माणसाला तुरुंगात टाकणारी, नोकरीवरून काढणारी होती. त्या काळात कोणाचे काही न बिघडविणाऱ्या माणसाला त्याच्या मार्गाने जगू द्यावे, असे पडद्यावरून उघड सांगणारा हा चित्रपट होता. नामवंत दिग्दर्शकांनी त्या विषयाला हातही लावला नसता. वुडजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, असे म्हणूनच म्हणता येत नाही. सांगण्याची कला मात्र त्याच्याजवळ नव्हती, आणि ती शिकविण्यात त्या बाजारातील कोणाचाही फायदा नव्हता.

लुगोसीची सोबत

याच चित्रपटात बेला लुगोसी हा वृद्ध नट वुडच्या आयुष्यात आला. १८८२ साली तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेल्या या नटाने १९३१ साली ‘ड्रॅक्युला’च्या भूमिकेने जगाला भुरळ घातली होती. त्या भूमिकेचे त्याला आठवड्याला ५०० डॉलर मिळाले. युनिव्हर्सल संस्थेला मात्र तिच्यातून पिढ्यान् पिढ्यांचे उत्पन्न मिळाले. पन्नाशीच्या दशकात लुगोसी सत्तरीला टेकला होता, हाताला काम नव्हते आणि नसांच्या जुनाट दुखण्यावर घेतलेल्या मॉर्फिनसारख्या औषधांचे व्यसन जडले होते. मोठ्या संस्थांनी त्याला टाकून दिले असता वुडने त्याला भूमिका दिल्या. नावाजलेला चेहरा स्वस्तात मिळतो, हा स्वार्थ त्यात होताच. पण लहानपणापासूनच्या भक्तीचाही त्यात वाटा होता आणि एकाकी वृद्धाला सोबतीची गरज होती. या संबंधात कोण कोणाचा आधार होता, हे नेमके सांगणे कठीण आहे.

१९५५ सालच्या ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ या चित्रपटात लुगोसीने वेड्या शास्त्रज्ञाचे काम केले. पैसे कमी पडले तेव्हा ॲरिझोनातील मांसाचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाने भांडवल घातले आणि त्याच्या मुलाला नायकाची भूमिका मिळाली. रबरी ऑक्टोपस आणला खरा, पण त्याला हलविण्याचे यंत्र नव्हते; तेव्हा त्याच्या तावडीत सापडलेल्या नटांनाच त्याचे पाय अंगाभोवती गुंडाळून झटापट करावी लागली. प्रेक्षक आजही त्या प्रसंगाला खदखदून हसतात. मात्र त्याच चित्रपटात, मायभूमीतून हाकलला गेलेला शास्त्रज्ञ आपल्या एकाकीपणाविषयी बोलतो तो प्रसंग लुगोसीने असा वठविला आहे की हसणारा क्षणभर थबकावा.

त्याच वर्षी लुगोसीने स्वतः होऊन सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेतले. प्रसिद्ध नटाने व्यसनाची अशी जाहीर कबुली देणे त्या काळी अपूर्वच होते. १६ ऑगस्ट १९५६ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ड्रॅक्युलाचा झगा अंगावर घालूनच त्याचे दफन झाले. मागे वुडजवळ राहिली ती त्याच्यावर घेतलेल्या मूक दृश्यांची काही मिनिटांची फिल्म.

‘प्लॅन नाइन’

त्या काही मिनिटांभोवती वुडने एक संपूर्ण चित्रपट रचला. परग्रहावरील प्राणी पृथ्वीवरच्या प्रेतांना उठवितात, अशी त्याची कथा आहे. भांडवल आले ते वुडच्या घरमालकाकडून व त्याच्या बॅप्टिस्ट चर्चमधील सहकाऱ्यांकडून. या चित्रपटाच्या नफ्यातून धार्मिक चित्रपट काढता येतील, अशी आशा त्या भाविकांना दाखविण्यात आली होती. मूळ शीर्षकात थडगी उकरणाऱ्यांचा उल्लेख होता, तो त्यांच्या आक्षेपावरून बदलण्यात आला. वुडने आणि त्याच्या नटसंचातील काहींनी बाप्तिस्माही घेतला. श्रद्धेची ही अदलाबदल किती मनापासूनची होती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१९५६ सालच्या नोव्हेंबरात, सुमारे ६० हजार डॉलरांत व अवघ्या काही दिवसांत, एका लहानशा स्टुडिओत चित्रण उरकण्यात आले. लुगोसीच्या जागी वुडच्या पत्नीच्या ओळखीतला, हाडे-मणके बसविणारा एक वैद्य उभा राहिला. तो लुगोसीहून उंच होता आणि चेहऱ्यात काहीही साम्य नव्हते. म्हणून त्याने संपूर्ण चित्रपटात झग्याची किनार डोळ्यांखाली धरून ठेवली. स्मशानातील थडगी धक्का लागताच हलतात, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र अदलून बदलून येतात, उडत्या तबकड्या दुकानात मिळणाऱ्या खेळण्यांच्या आहेत आणि विमानाच्या चालककक्षाचा पडदा न्हाणीघरातला वाटतो. हे दोष वुडच्या नजरेस येत नसावेत असे नाही; प्रेक्षकांचे लक्ष गोष्टीकडे असते, असल्या तपशिलांकडे नसते, अशी त्याची समजूत होती. कथेच्या शेवटी परग्रहवासी पृथ्वीवरील माणसांना बजावतात की एकाहून एक संहारक शस्त्रे शोधण्याच्या तुमच्या हव्यासाने विश्वाचाच नाश होईल. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांच्या त्या काळात हा इशारा पोरकट म्हणून झटकून टाकता येण्यासारखा नव्हता. पण तो सांगणाऱ्याच्या अंगावर चकचकीत सॅटिनचा सदरा असल्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही.

१९५७ सालच्या मार्चमध्ये लॉस अँजेलिसमध्ये चित्रपटाचा एक खेळ झाला. सर्वत्र प्रदर्शित होण्यास त्यानंतर बराच काळ लागला. साठीच्या दशकात तो इतर जुन्या चित्रपटांच्या गठ्ठ्याबरोबर दूरचित्रवाणी केंद्रांना विकला गेला आणि मध्यरात्रीनंतरची रिकामी वेळ भरून काढण्यासाठी वर्षानुवर्षे दाखविला जाऊ लागला. वुडला त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. झोप न येणाऱ्या मुलांची एक पिढी मात्र तो चित्रपट पाहत मोठी झाली, आणि पुढे त्याला सर्वांत वाईट ठरविणारे मतदार याच पिढीतून आले.

उतरण

त्यानंतरची हकीकत दुःखाची आहे. ‘प्लॅन नाइन’नंतर लगेच वुडने ‘नाइट ऑफ द घूल्स’ हा चित्रपट पुरा केला. पण फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेचे बिल भरता न आल्यामुळे ती फिल्म प्रयोगशाळेनेच अडकवून ठेवली. १९६० सालानंतर त्याला मुख्य प्रवाहाच्या कडेवरचेही काम मिळेनासे झाले. मग तो रेल्वे-स्टेशनांवर आणि औषधांच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या स्वस्त कादंबऱ्या लिहू लागला. त्या डझनावारी निघाल्या. टंकलेखन यंत्रावर त्याचा हात विलक्षण वेगाने चाले आणि मोबदला एकरकमी व तुटपुंजा मिळे. हॉलिवुडमध्ये नशीब काढण्यासाठी येणाऱ्या तरुणांना सावध करणारे एक पुस्तकही त्याने लिहिले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही, १९९८ साली छापले गेले. सत्तरीच्या दशकात तो अश्लील चित्रपटांपर्यंत घसरला. दारू वाढत गेली. १९५६ च्या सुमारास त्याच्याशी विवाह केलेली कॅथी ही या सर्व काळात त्याच्याबरोबर राहिली आणि त्याच्या व्यसनाची झळ तिला पुरेपूर बसली.

वुडकडे केवळ परिस्थितीचा बळी म्हणून पाहणे सत्याला धरून होणार नाही. त्याने इतरांचे पैसे घेतले आणि ते बुडाले. ज्या भाविकांनी धर्मकार्याच्या आशेने भांडवल घातले त्यांच्या पदरी निराशा आली. स्वतःचे काम पाहून ते सुधारण्याची वृत्ती त्याच्यात नव्हती. पहिल्या चित्रपटातील चुका शेवटच्या चित्रपटातही तशाच आहेत. उत्साह हा गुण असला तरी अभ्यासाची जागा तो घेऊ शकत नाही. एवढे मान्य केल्यावरही हे सांगितले पाहिजे की त्याच बाजारात त्याच्याहून कुशल आणि त्याच्याहून बेपर्वा असे शेकडो निर्माते होते, आणि त्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत.

हसण्याचा व्यवहार

मग वुडच का आठवावा? अर्थशास्त्राचे साधे उत्तर असे की किंमत दुर्मिळतेला असते. सुमार चित्रपट मुबलक असतात. ते कंटाळवाणे असतात आणि म्हणून विसरले जातात. ज्याचा आपल्या कृतीवर पूर्ण विश्वास आहे आणि ज्याला ती कृती करता येत नाही, असा माणूस मात्र विरळा. वुडच्या प्रत्येक प्रसंगात हा विश्वास दिसतो. ठरवून वाईट चित्रपट काढणारे पुढे पुष्कळ निघाले, पण प्रेक्षकाला त्यात ती गंमत सापडली नाही, कारण वुडने कधीही कोणाची थट्टा केली नव्हती. १९८० नंतर चित्रफितींचा धंदा वाढला तसा या दुर्मिळ मालाला उठाव आला. ‘नाइट ऑफ द घूल्स’ची प्रयोगशाळेत अडकलेली फिल्म १९८४ साली एका संग्राहकाने थकलेले बिल भरून सोडविली आणि बाजारात आणली. ज्या बिलापायी एका माणसाचा धंदा बसला, ते बिल दुसऱ्याने किफायतशीर गुंतवणूक म्हणून भरले.

लुगोसीच्या बाबतीत हाच प्रश्न न्यायालयात गेला. त्याच्या विधवेने व मुलाने युनिव्हर्सलवर दावा केला की ड्रॅक्युलाच्या रूपातील त्याचा चेहरा वापरून संस्था वस्तू विकते, त्याचा मोबदला वारसांना मिळाला पाहिजे. १९७९ सालच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. स्वतःच्या नावा-चेहऱ्याचा व्यापारी उपयोग करण्याचा हक्क माणसाबरोबरच संपतो, असा निर्णय दिला. त्यावर बराच वाद होऊन त्या राज्यात १९८५ पासून हा हक्क वारसांकडे जाऊ देणारा कायदा अमलात आला. ज्याला मालमत्ता म्हणायचे ते बाजारात आधी उगवते आणि तिचा मालक कोण हे कायदा मागाहून ठरवितो. या मधल्या काळात जे मरतात त्यांचे नुकसान भरून निघत नाही.

पडद्यावरचा वुड

१९९२ साली रुडॉल्फ ग्रे यांनी वुडच्या सोबत्यांच्या आठवणी गोळा करून त्याचे चरित्र सिद्ध केले आणि त्यावरून टिम बर्टन या दिग्दर्शकाने १९९४ साली ‘एड वुड’ हा चित्रपट काढला. तो कृष्णधवलच असावा या बर्टनच्या आग्रहामुळे कोलंबिया संस्थेने अंग काढून घेतले. मग डिस्नेच्या टचस्टोन शाखेने तो केला. जॉनी डेपने वुडचे काम केले. लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडॉ याला साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. रंगभूषेचे ऑस्करही त्याच चित्रपटास मिळाले. खुद्द लुगोसीचे नाव ऑस्करसाठी एकदाही सुचविले गेले नव्हते.

या चित्रपटावर सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाला. ‘प्लॅन नाइन’च्या खर्चाच्या हा तीनशे पट. मधल्या काळात अमेरिकेतील किंमतपातळी सुमारे साडेपाच पटींनी वाढली हे जमेस धरले तरी त्या पैशात पन्नासाहून अधिक ‘प्लॅन नाइन’ निघाले असते. आणि अमेरिकेतील चित्रपटगृहांतून उत्पन्न आले ते ६० लाख डॉलरांच्याही आत. अपयशी दिग्दर्शकाच्या जीवनावरील चित्रपट पैशांच्या हिशेबात सपशेल अपयशी ठरला. पण बर्टनला त्याची झळ बसली नाही. मोठ्या संस्थेच्या ताळेबंदात असा तोटा इतर नफ्यांत जिरून जातो, आणि दिग्दर्शकाला पुढचा चित्रपट मिळतो. तोटा सोसण्याची ऐपत ही सुद्धा एक संपत्तीच आहे आणि तिचे वाटप इतर संपत्तीइतकेच विषम आहे. वुडला ६० हजारांचा तोटा आयुष्यभर पुरला.

चित्रपट सुंदर आहे, सहृदयही आहे; मात्र तो जेथे थांबतो ती जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. ‘प्लॅन नाइन’च्या झगमगत्या पहिल्या खेळानंतर वुड विवाहासाठी मोटारीतून निघून जातो आणि पडदा पडतो. असा खेळ प्रत्यक्षात झालाच नव्हता. ऑर्सन वेल्ससारखा श्रेष्ठ दिग्दर्शक त्याला उपाहारगृहात भेटून धीर देतो, हा प्रसंगही काल्पनिक आहे. पुढची वीस वर्षे, म्हणजे स्वस्त कादंबऱ्या, दारू, थकलेले भाडे, हे शेवटच्या एका-दोन ओळींच्या मजकुरात उरकले आहे. प्रेक्षकाला अपयश आवडते ते उमेदीच्या भरात असलेल्या तरुणाचे. म्हाताऱ्या होत चाललेल्या, कर्जबाजारी माणसाचे अपयश कोणी तिकीट काढून पाहत नाही.

हा चित्रपट पुढे एका प्रकाराचा आदर्श ठरला. त्याचे पटकथाकार स्कॉट अलेक्झांडर आणि लॅरी काराझेव्स्की यांनीच २०१९ साली रूडी रे मूर या कृष्णवर्णीय विनोदवीराच्या जीवनावर चित्रपट लिहिला. मूरने पदरचे पैसे घालून १९७५ साली ‘डॉलेमाइट’ हा ओबडधोबड चित्रपट काढला होता. २०१७ साली टॉमी वीझो याच्या ‘द रूम’ या चित्रपटाच्या निर्मितीची कहाणी पडद्यावर आली. वीझोच्या चित्रपटाने २००३ साली पहिल्या प्रदर्शनात अवघे अठराशे डॉलर मिळविले होते. पण तो जिवंत असतानाच मध्यरात्रीचे खेळ गर्दीने भरू लागले आणि आपल्या अपयशाचे उत्पन्न त्याला स्वतःला घेता आले. मूरचा चित्रपट तर त्याच्या प्रेक्षकांत चांगलाच चालला होता. तेवढे सुदैव वुडच्या वाट्याला आले नाही.

शिल्लक

या सर्व हकीकतीचा निष्कर्ष वुड हा उपेक्षित प्रतिभावंत होता, असा काढणे चुकीचे ठरेल. तो प्रतिभावंत नव्हता. पण जगातील कोणताही कलाव्यवसाय केवळ प्रतिभावंतांवर चालत नाही. शंभर माणसे धडपडतात तेव्हा त्यांतील चार नावारूपास येतात, आणि कोणती चार हे आधी कोणास कळत नाही. उरलेल्या शहाण्णवांचा खर्च कोणी तरी सोसलेला असतो. सामान्यतः तो त्यांचा तेच सोसतात. त्यांच्या बायका-मुलांना आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणाऱ्या अजाण धनकोंना सोसावा लागतो. चित्रपटशिक्षणाच्या संस्था, लहान कर्जांची सोय, कलावंतांना वृद्धापकाळी मिळणारे साहाय्य यांना चैन समजणारे लोक सर्वच देशांत असतात. वुडला कोणी चार वर्षे नीट शिकविले असते तर तो मोठा दिग्दर्शक झाला असता असे नाही. कदाचित तो चांगला साहाय्यक झाला असता, आणि वेळीच थांबला असता.

कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे आणि फिल्मच्या फुटांचा हिशेब संपला आहे. धडपडणाऱ्यांची संख्या त्यामुळे शंभरपटींनी वाढली, तसा हसणाऱ्यांचा बाजारही वाढला. अशा वेळी ‘नाइट ऑफ द घूल्स’ची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो चित्रपट पुरा करून वुड वीस वर्षे जगला. तेवढ्या सबंध काळात त्याची फिल्म प्रयोगशाळेच्या कपाटात सुरक्षित होती. बिल भरले गेले तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षे होत आली होती.